पेप्टाइडच्या जेलमध्ये प्रकाशाची ऊर्जा पकडणं: थायोफ्लेविन आणि रोडामिन जोडीची पूर्ण कृती

जांभळ्या प्रकाशसंश्लेषक जिवाणूंच्या एलएच-२ या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिन-संकुलाची रचना १९९५ मध्ये उलगडली. त्यात बॅक्टेरिओक्लोरोफिल या रंगद्रव्याचे २७ रेणू दोन कड्यांत बसलेले दिसले, एका कड्यात ९ आणि दुसऱ्यात १८. या २७ रेणूंना प्रथिनाने नेमक्या अंतरावर आणि नेमक्या दिशेने धरून ठेवलेलं असतं. एका कड्याने पकडलेली ऊर्जा साधारण एका पिकोसेकंदात दुसऱ्या कड्याकडे जाते ती त्यामुळेच. कृत्रिम प्रकाशसंचयनात पेप्टाइडच्या जेलला नेमकं हेच काम करायचं असतं. रंगद्रव्यं बाजारात मिळतात, पण त्यांना एकमेकांपासून ४-५ नॅनोमीटरवर आणून धरून ठेवणारा सांगाडा आपल्याला उभा करावा लागतो.

या कृतीसाठी तीन घटक निवडले आहेत. सांगाडा एफमॉक-डायफिनाइलअॅलनीनचा (पुढे एफमॉक-एफएफ), म्हणजे दोन फिनाइलअॅलनीनच्या छोट्या पेप्टाइडला चपट्या वलयांचा एफमॉक गट जोडलेला. दाता, म्हणजे प्रकाश शोषून ऊर्जा देणारं रंगद्रव्य, थायोफ्लेविन टी आणि ग्राही, म्हणजे ती ऊर्जा घेणारं, रोडामिन ६जी. एफमॉक-एफएफचं जेल २००६ मध्ये तेल अवीवमधल्या एहूद गाझित यांच्या आणि मँचेस्टरमधल्या राइन उलिन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे मांडलं. आज ते सर्वांत जास्त अभ्यासलेल्या पेप्टाइड जेलपैकी एक आहे. पेप्टाइडच्या साखळ्या बीटा-चादरींसारख्या, म्हणजे शेजारी-शेजारी जुळून सपाट थरांत, रचल्या जातात, एफमॉकची चपटी वलयं एकमेकांवर बसतात आणि साधारण १० नॅनोमीटर जाडीचे लांबच लांब तंतू तयार होतात. पाण्याला धरून ठेवतं ते या तंतूंचं जाळं.

थायोफ्लेविन निवडण्याचं कारण जरा खोलात समजून घ्यायला हवं. पाण्यात मोकळं असताना हे रंगद्रव्य जवळजवळ चमकत नाही. त्याच्या रेणूचे दोन भाग मधल्या बंधाभोवती फिरतात आणि शोषलेली ऊर्जा त्या फिरण्यातच संपते. बीटा-चादरीच्या खाचेत अडकलं की फिरणं थांबतं आणि ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास चमकू लागतं. म्हणजे दिसणारी चमक जवळपास सगळी तंतूवर बसलेल्या दात्यांची असते. फ्लोरेसीनसारखा नेहमी चमकणारा दाता घेतला तर तंतूवरचा आणि पाण्यातला प्रकाश वेगळा करता येत नाही. शिवाय फ्लोरेसीन उदासीन पीएचला ऋणभारित असतं आणि तंतूही ऋणभारित असेल तर त्यापासून दूरच राहतं. थायोफ्लेविन आणि रोडामिन ६जी दोन्ही धनभारित आहेत. याच निवडीत एक सापळाही आहे, त्याकडे मोजमापाच्या भागात येऊ.

आधी कागदावरचं गणित

ऊर्जा हस्तांतरणाचा फॉर्स्टरने १९४८ मध्ये मांडलेला नियम असा की दाता आणि ग्राही यांच्यातल्या अंतराच्या सहाव्या घातानुसार कार्यक्षमता पडते. ज्या अंतरावर ती ५० टक्के असते त्याला फॉर्स्टर अंतर म्हणतात. अंतर त्याच्या दीडपट झालं की कार्यक्षमता ८ टक्क्यांवर येते आणि दुप्पट झालं की दीड टक्क्यावर. अशा रंगद्रव्यांच्या जोड्यांसाठी हे अंतर बहुतेक वेळा ३ ते ६ नॅनोमीटर असतं. आपल्या जोडीसाठी ते आपल्याच वर्णपटांवरून काढा. दात्याची क्वांटम कार्यक्षमता (शोषलेल्या फोटॉनांपैकी किती प्रकाश म्हणून परत येतात) मोजताना दुपटीची चूक झाली तरी सहाव्या मुळामुळे उत्तर १२ टक्क्यांनीच हलतं, तेव्हा अंदाजी आकडाही नियोजनाला पुरतो.

आता १० मायक्रोमोलर रोडामिन नुसत्या पाण्यात आहे असं धरा. दोन रेणूंमधलं सरासरी अंतर सुमारे ५५ नॅनोमीटर येतं. तिथे हस्तांतरण शून्य. तेच रोडामिन जेलमध्ये पूर्णपणे तंतूंवर बसलं तर? प्रति मिलिलिटर ५ मिलिग्रॅम पेप्टाइड घेतलं की तंतू एकूण घनफळाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग व्यापतात, म्हणजे रंगद्रव्य साधारण २५० पट दाट होतं. सरासरी अंतर ५५ वरून ९ नॅनोमीटरच्या जवळ येतं आणि एखाद्या दात्याला सर्वांत जवळचा ग्राही सरासरी ५ नॅनोमीटरवर सापडतो. ५० मायक्रोमोलर दात्यांमधलं आपापसातलं अंतरही याच हिशोबाने ३२ वरून ५ नॅनोमीटरवर येतं. जेलचं सगळं कर्तृत्व या दाटीकरणात आहे. त्यामुळे रंगद्रव्याचा किती भाग तंतूवर बसला हे न मोजता पुढचा कुठलाही आकडा छापू नये.

याच गणितातून ग्राहीची श्रेणी ठरते: ०.५, १, २, ५ आणि १० मायक्रोमोलर. खालच्या टोकाला परिणाम अगदी कमी दिसेल आणि तसाच दिसायला हवा. ०.५ मायक्रोमोलरलाच ७० टक्के कार्यक्षमता आली तर आनंद मानण्याआधी चूक शोधा.

साहित्य

एफमॉक-एफएफ, शुद्धता किमान ९८ टक्के, रेणूभार ५३४.६. कोरडं डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, पेप्टाइड विरघळवणारा द्रावक). थायोफ्लेविन टी, रेणूभार ३१८.९. रोडामिन ६जी, रेणूभार ४७९. रोडामिन बी आणि रोडामिन ६जी यांचं रेणुसूत्र आणि रेणूभार एकच असतो, म्हणून बाटलीच्या लेबलवर विसंबून न राहता इथेनॉलमधला शोषण वर्णपट घ्या. ६जीचं शिखर ५३० नॅनोमीटरला येतं. अतिशुद्ध पाणी, शुद्ध इथेनॉल, ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर.

मोजमापासाठी १ मिलिमीटर जाडीची क्युव्हेट (नमुना भरून मोजायची पारदर्शक भांडी) हवीत. आपण ४३० नॅनोमीटरने उद्दीपित करणार असल्यामुळे क्वार्ट्झची गरज नाही, काच चालते. १२ नमुन्यांसाठी तेवढी क्युव्हेट नसतील तर सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्यांमध्ये १ मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन शीटची चौकट कापून बसवा आणि बाइंडर क्लिपने आवळा. क्लिप आवळण्याचा जोर सगळीकडे सारखा ठेवा, सिलिकॉन दबलं की जाडी बदलते.

जाडीवर इतका भर कशासाठी, ते एका आकड्यावरून कळेल. थायोफ्लेविनचा मोलर शोषणांक ४१२ नॅनोमीटरला सुमारे ३६,०००. ५० मायक्रोमोलर द्रावणाचं शोषण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये १.८ येतं, म्हणजे क्युव्हेटच्या मध्यापर्यंत जेमतेम १३ टक्के प्रकाश पोचतो. यंत्र नेमका मध्यभाग बघतं, तेव्हा तिथून निघणारा कुठलाही आकडा निरुपयोगी. १ मिलिमीटरमध्ये तेच शोषण ०.१८ होतं आणि हाताळता येतं.

स्टॉक द्रावणं

थायोफ्लेविन पाण्यात १ मिलिमोलर करा, गाळा आणि अंधारात ठेवा. वजनावर भागवू नका, हे रंगद्रव्य अनेकदा अशुद्ध असतं. ५० पट पातळ करून १ सेंटिमीटरमध्ये ४१२ नॅनोमीटरचं शोषण मोजा. २० मायक्रोमोलरला ०.७२ यायला हवं. कमी आलं तर मोजलेल्या आकड्यावरून तीव्रता ठरवा.

रोडामिन ६जी इथेनॉलमध्ये करा, पाण्यात नको. पाण्यात दाट स्टॉक ठेवला की त्याचे जोडरेणू (एकमेकांना चिकटलेले दोन रेणू) होतात आणि ते प्लास्टिकला आणि काचेलाही चिकटतं. इथेनॉलमध्ये मोलर शोषणांक ५३० नॅनोमीटरला १,१६,०००, त्यामुळे ५ मायक्रोमोलरचं शोषण ०.५८. मूळ स्टॉकपासून ०.०५, ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिलिमोलर अशी पाच द्रावणं बनवा. प्रत्येक नमुन्यात यातल्या एकाचे तेवढेच मायक्रोलिटर जातील आणि इथेनॉलचं प्रमाण सगळीकडे १ टक्का राहील. एकाच स्टॉकचे कमीजास्त मायक्रोलिटर टाकले तर इथेनॉलही कमीजास्त होतं आणि जेलची रचना बदलते. मग दिसलेला फरक ग्राहीमुळे की इथेनॉलमुळे, हे सांगता येत नाही.

पेप्टाइडचा स्टॉक मात्र त्याच दिवशी करा. ३५ मिलिग्रॅम एफमॉक-एफएफ ३५० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये पूर्ण विरघळेपर्यंत व्हॉर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळा. द्रावण अगदी नितळ दिसायला हवं. डीएमएसओ हवेतली आर्द्रता भराभर ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीतल्या प्रयोगशाळांत, उघडी राहिलेली बाटली काही दिवसांतच बिघडते. अशा डीएमएसओमध्ये पेप्टाइड आधीच जुळायला लागलेलं असतं आणि जेल मऊ आणि ढगाळ बनतं. डीएमएसओ १८.५ अंश सेल्सियसला गोठतं, म्हणून जोरात एसी चालणाऱ्या खोलीत बाटली घट्ट झालेली दिसली तर ती खराब झालेली नसते. कोमट पाण्यात धरून वितळवा आणि मगच वापरा.

डीएमएसओ कातडीतून आत शिरतं आणि विरघळलेलं रंगद्रव्यही सोबत नेतं. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि सांडल्यास लगेच बदला.

जेल बनवणं

एका ५०० मायक्रोलिटर नमुन्याचं प्रमाण: पाणी ४४५, थायोफ्लेविन स्टॉक २५, रोडामिनचं योग्य द्रावण ५, पेप्टाइड स्टॉक २५ मायक्रोलिटर. अंतिम पेप्टाइड प्रति मिलिलिटर ५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ९.४ मिलिमोलर. डीएमएसओ ५ टक्के, दाता ५० मायक्रोमोलर. दर दाता रेणूमागे साधारण १८७ पेप्टाइड रेणू.

१. पाणी, थायोफ्लेविन आणि रोडामिन आधी एकत्र करा. रंगद्रव्यं तंतू जुळताना तिथे हजर असायला हवीत. तयार जेलवर नंतर ओतलेलं रंगद्रव्य वरच्या थरात अडकतं आणि आत जायला फार वेळ घेतं.

२. पिपेटचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाखाली नेऊन पेप्टाइड स्टॉक एका दमात सोडा. लगेच २-३ सेकंद व्हॉर्टेक्स करा आणि थांबा. थेंब थेंब सोडल्यास पहिल्या थेंबाभोवती गाठी होतात, आणि व्हॉर्टेक्स लांबवल्यास नुकतं जुळू लागलेलं जाळं तुटतं.

३. द्रव दुधासारखा पांढरट होईल. हे अपेक्षित आहे. याच अवस्थेत, मिनिटाच्या आत, तो १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये भरा. भरताना क्युव्हेट तिरकं धरा आणि द्रव एका कडेने सोडा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. या टप्प्यावरची चमक नोंदवू नका. पेप्टाइडच्या दाट थेंबांतही थायोफ्लेविनचं फिरणं अडतं, त्यामुळे तंतू नसतानाही ते चमकतं.

४. पुढच्या काही मिनिटांत पांढरेपणा ओसरतो आणि पारदर्शक जेल उरतं. क्युव्हेटचं तोंड पॅराफिल्मने बंद करा, सगळे नमुने २५ अंशांवर, अंधारात, न हलवता रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकाच वयाचे असताना मोजा.

उरलेल्या द्रवाची छोटी बाटली उलटी करून जेल धरलंय का ते बघा. ही चाचणी ढोबळ आहे. ऱ्हिओमीटर (जेलचा ताठपणा मोजणारं यंत्र) उपलब्ध असेल तर १ हर्ट्झ आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीवर मोजा. साठवण गुणांक (घनासारखा ताठपणा) ऱ्हास गुणांकापेक्षा (द्रवासारखं वाहणं) किमान दहापट मोठा हवा. रोडामिन घातलेलं आणि न घातलेलं, दोन्ही जेल तपासा. ग्राहीमुळे जेलच मऊ पडलं असेल तर तंतूंची रचना बदलली आहे आणि पुढची तुलना खोटी ठरते. तंतूंच्या चित्रासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आयआयटी मुंबईच्या एसएआयएफसारख्या सामायिक केंद्रांत बाहेरच्या संशोधकांनाही शुल्क भरून नमुने देता येतात. मात्र वाळवलेल्या नमुन्यात तंतू एकत्र चिकटून जाड पट्ट्यांसारखे दिसतात, त्यांना ओल्या जेलमधली जाडी समजू नका.

पीएच बदलून जेल करण्याची दुसरी पद्धतही खूप वापरली जाते. पेप्टाइड सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवायचं आणि ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोनने पीएच हळूहळू खाली आणायचा. लॅक्टोनचं विघटन सावकाश होत असल्याने जेल अतिशय एकसंध येतं. ५ मिलिग्रॅम पेप्टाइडला ०.५ मोलर हायड्रॉक्साइडचे सुमारे १९ मायक्रोलिटर एका मात्रेला पुरतात, लॅक्टोन तेवढंच ५ मिलिग्रॅम घ्या. थायोफ्लेविनसाठी मात्र ही पद्धत धोक्याची आहे. अल्कधर्मी द्रावणात त्याचं विघटन होतं आणि ४१२ नॅनोमीटरचं शिखर खचत जातं. तीव्र अल्कलीत फार वेळ राहिल्यास एफमॉक गटही तुटतो. याच पद्धतीने जायचं असेल तर लॅक्टोन घालून पीएच ९ च्या खाली आल्यावर, पण जेल धरण्यापूर्वी, थायोफ्लेविन मिसळा. ही वेळ फार थोडी असते, म्हणून सुरुवातीला डीएमएसओची पद्धतच बरी.

तुलनेचे नमुने

यातला एकही गाळू नका. रिकामं जेल, प्रकीर्णन (प्रकाशाचं विखुरणं) वजा करण्यासाठी. फक्त दाता असलेलं जेल. फक्त ग्राही असलेलं जेल, पाचही तीव्रतांचं, कारण ४३० नॅनोमीटरला रोडामिन स्वतःही थोडं शोषतं आणि तेवढी चमक दात्याविनाच मिळते. दाता आणि ग्राही दोन्ही असलेलं, पेप्टाइडऐवजी नुसतं डीएमएसओ घातलेलं द्रावण. याखेरीज एक मांडणी हवी: फक्त दाता असलेल्या जेलची क्युव्हेट मागे आणि फक्त ग्राही असलेल्या जेलची पुढे, शोधकाच्या बाजूला. दोघं वेगळ्या काचेत असल्याने इथे हस्तांतरण शक्यच नाही. तरीही ग्राही चमकला तर ती चमक पुनर्शोषणाची, म्हणजे दात्याने बाहेर टाकलेला प्रकाश ग्राहीने गिळल्याची. मिश्र जेलमध्येही हे घडतच असतं, या मांडणीवरून त्याचा अंदाज येतो.

मोजमाप

क्युव्हेट समोरून उद्दीपित करा आणि किरणाशी ४५ अंशाऐवजी ३० किंवा ६० अंशाच्या कोनात ठेवा. ४५ अंशांवर काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट शोधकात शिरतो. उद्दीपन ४३० नॅनोमीटर, उत्सर्जन ४४५ ते ७००, स्लिट २ ते ३ नॅनोमीटर. ५०४ नॅनोमीटरजवळ छोटा उंचवटा दिसेल, तो पाण्याचा रामन प्रकीर्णनाचा पट्टा आहे. रिकाम्या जेलचा वर्णपट वजा केल्यावर तो जायला हवा.

मग उद्दीपन वर्णपट घ्या. उत्सर्जन ६०० नॅनोमीटरवर स्थिर ठेवा, तिथे थायोफ्लेविनची शेपटी क्षीण आणि रोडामिन अजून ठळक असतं. उद्दीपन ३८० ते ५६० फिरवा. रोडामिनच्या ५३०च्या शिखराबरोबर ४४० ते ४५०च्या दरम्यान दात्याचा पट्टा उगवला, आणि फक्त ग्राही असलेल्या जेलमध्ये तो नसला, तर दात्याने शोषलेली ऊर्जा ग्राहीतून बाहेर पडते आहे याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. या वर्णपटाला दिव्याच्या तीव्रतेची दुरुस्ती लावलेली आहे याची खात्री करा. ती नसेल तर ४३० आणि ५३०ची तुलना अर्थहीन होते.

ग्राहीचा अँटेना गुणक असा काढा: मिश्र जेलला ४३०ने उद्दीपित केल्यावर ग्राहीच्या शिखरावर जी चमक येते तिच्यातून त्याच ठिकाणची दात्याची शेपटी वजा करा आणि ५३०ने थेट उद्दीपित केल्यावरच्या चमकेने भागा. ५३०च्या मोजमापात उत्सर्जन ५४५च्या पुढून सुरू करा, नाहीतर उद्दीपनाचाच प्रकाश मोजला जाईल. दात्याची शेपटी वजा करायची तर फक्त दाता असलेल्या जेलचा वर्णपट मिश्र जेलच्या ४६५ नॅनोमीटरच्या उंचीशी जुळवून घ्या. पूर्ण उंचीचा वर्णपट वजा केला तर ग्राहीची चमक कमी दिसते, कारण मिश्र जेलमध्ये दाता आधीच मंदावलेला असतो.

कार्यक्षमता सर्वसाधारणपणे दात्याची चमक किती घटली यावरून सांगतात: १ वजा, ग्राहीसह चमक भागिले ग्राहीविना चमक. आणि सापळा नेमका इथेच आहे. दात्याची चमक तीन कारणांनी घटू शकते, त्यातलं एकच आपल्याला हवं असतं.

पहिलं कारण खरं हस्तांतरण. यात दात्याचा संपूर्ण उत्सर्जन पट्टा सारख्या प्रमाणात खाली येतो, दात्याचा लाइफटाइम (उद्दीपित अवस्थेत टिकण्याचा सरासरी काळ) कमी होतो आणि ग्राही चमकतो.

दुसरं पुनर्शोषण. इथेही ग्राही चमकतो, पण दात्याच्या पट्ट्यात ५०० ते ५४० नॅनोमीटरला खळगा पडतो आणि ४६०च्या बाजूला फारसा फरक पडत नाही. लाइफटाइम तसाच राहतो. म्हणूनच दात्याची चमक ४६५ ते ४७० नॅनोमीटरवर वाचा, शिखरावर नको. दोन्ही वर्णपट ४६५ला सारख्या उंचीचे करून एकमेकांवर ठेवले की खळगा नजरेनेच दिसतो.

तिसरं कारण या जोडीचं खास, आणि सर्वांत फसवं. रोडामिनही धनभारित आणि चपटं असल्याने ते थायोफ्लेविनला तंतूवरच्या जागेवरून हुसकावू शकतं. हुसकावलेलं थायोफ्लेविन पाण्यात जाऊन अंधारतं. पट्टा सारख्या प्रमाणात खाली येतो, अगदी खऱ्या हस्तांतरणासारखा. पण लाइफटाइम बदलत नाही, कारण जे तंतूवर उरले ते पूर्वीसारखेच चमकत असतात, आणि ग्राहीची चमक त्या प्रमाणात वाढत नाही. नुसत्या चमकेच्या घटीवरून मोठी कार्यक्षमता जाहीर करण्याची चूक बहुधा इथेच होते.

म्हणून लाइफटाइम मोजणं ऐच्छिक समजू नका. ४०५ किंवा ४४० नॅनोमीटरचा स्पंदित डायोड आणि एकेक फोटॉन मोजणारं यंत्र लागतं. शोधकापुढे ४७० नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लावा. तंतूवरच्या थायोफ्लेविनचा ऱ्हास एका घातांकाने जुळत नाही, कारण खाचा एकसारख्या नसतात. दोन किंवा तीन घटकांनी जुळवा आणि सरासरी काढताना प्रत्येक घटकाच्या आयामाने भारित सरासरी घ्या. तीव्रतेने भारित सरासरी लांब घटकाकडे झुकते आणि कार्यक्षमता कमी दाखवते.

समजा, उदाहरणापुरतं, चमक १००० वरून ६२० झाली आणि लाइफटाइम १.५ वरून १.२ नॅनोसेकंद झाला. चमकेवरून ३८ टक्के, लाइफटाइमवरून २० टक्के. खात्रीने सांगता येण्याजोगा आकडा २०. उरलेली घट कुठे गेली ते शोधायला जेल १४,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट जोरावर) अर्धा तास सेंट्रिफ्यूज करा, वर सुटलेला द्रव काढा आणि त्याचं ४१२ आणि ५३०जवळचं शोषण मोजा. मोकळं थायोफ्लेविन आणि मोकळं रोडामिन किती, हे थेट कळतं. रोडामिनविना केलेल्या जेलशी तुलना केली की हुसकावलेल्या भागाचा हिशोब लागतो. दाटीकरणाचं सुरुवातीचं गणित याच आकड्यांनी पुन्हा करा.

फॉर्स्टर अंतराच्या सूत्रात दिशेचा जो घटक असतो, तो द्रावणात २/३ धरतात. तंतूवर रंगद्रव्यं एका दिशेने लागलेली असू शकतात, त्यामुळे तो २/३ राहीलच असं नाही. अंतर नॅनोमीटरच्या दशांशापर्यंत सांगणारा निष्कर्ष या जेलवरून काढू नका.

दात्याकडून दात्याकडे ऊर्जेच्या उड्यांची अपेक्षाही माफक ठेवा. थायोफ्लेविनचं शोषण आणि उत्सर्जन एकमेकांवर थोडंच चढतं, तेव्हा ५ नॅनोमीटरवरही या उड्या सावकाश होतात. शेकडो दात्यांनी एका ग्राहीला पोसायचं असेल तर ज्याचे हे दोन पट्टे जास्त एकमेकांवर येतात असा दाता शोधावा लागेल.

बिघाड आणि त्यांची कारणं

जेल रात्रभरानंतरही पांढरं राहिलं: डीएमएसओ ओलं होतं, किंवा स्टॉक सोडताना मिसळणं अपुरं झालं, किंवा डीएमएसओचं प्रमाण वाढलं. २० टक्क्यांच्या पुढे तंतू गोलाकार झुबक्यांत वाढतात आणि प्रकाश विखुरतात. ढगाळ जेलवर फ्लोरेसन्स मोजून दुरुस्ती लावत बसू नका, नवीन जेल करा.

रोडामिनच्या शोषणात ५०० नॅनोमीटरला खांदा वर आला: तंतूवर जोडरेणू होत आहेत. असे रेणू ऊर्जा घेतात पण चमकत नाहीत. १० मायक्रोमोलरला ग्राहीची चमक ५ मायक्रोमोलरपेक्षा कमी दिसली तर बहुधा हेच कारण. ग्राही कमी करा, पेप्टाइड वाढवू नका, कारण त्याने जेलची रचनाच बदलते.

एकाच नमुन्याचे लागोपाठ वर्णपट खाली घसरत गेले: रंगद्रव्य जळतं आहे. जेलमध्ये रेणू जागेवरून हलत नाहीत, त्यामुळे द्रावणासारखी ताजी भर पडत नाही. शटर फक्त मोजताना उघडा, दर वेळी क्युव्हेट थोडं सरकवा.

काही दिवसांनी जेलमध्ये पांढरे ठिपके आले किंवा पाणी सुटलं: तंतूंचं स्फटिकांत रूपांतर किंवा जाळ्याचं आकुंचन सुरू झालं आहे. तेव्हा मोजमाप दुसऱ्या दिवशीच आटोपावं.

पकडलेल्या ऊर्जेचा उपयोग

२०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या केएआयएसटी या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने डायफिनाइलअॅलनीनच्या नळ्या, पॉर्फिरिन आणि प्लॅटिनमचे सूक्ष्म कण एकत्र आणून प्रकाशसंश्लेषणाची नक्कल करून दाखवली. एफमॉक-एफएफच्या जेलमध्ये असा प्रयत्न करताना पहिली अडचण इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रसायनाची येते. नेहमी वापरलं जाणारं ट्रायइथॅनॉलअमीन पीएच इतकं वर नेतं की जेल विरघळतं. दुय्यम अमीन तर एफमॉक गटच काढून टाकतात, पेप्टाइड संश्लेषणात पायपरिडीनचं काम तेच असतं. इथे अॅस्कॉर्बिक आम्ल बरं, ते पीएच आम्लाच्या बाजूला ठेवतं. ते १० मिलिमोलरपासून सुरू करा, सुरुवातीच्या पाण्यातच मिसळा आणि जेल धरतं का ते रंगद्रव्य न घालता आधी तपासा.

दुसरी अडचण ऑक्सिजनची. धरलेल्या जेलमधून नायट्रोजनचे बुडबुडे सोडता येत नाहीत, सोडले तर जाळं फाटतं. पाण्यातून आणि डीएमएसओमधून आधीच अर्धा तास नायट्रोजन जाऊ द्या, मिसळणं नायट्रोजन भरलेल्या पिशवीत करा आणि क्युव्हेटला रबरी बूच लावा. प्रकाश देताना ४३० नॅनोमीटरची एलईडी वापरा आणि तुलनेसाठी फक्त ग्राही असलेलं जेल त्याच एलईडीखाली, तेवढ्याच अंतरावर ठेवा. दोन्हीकडे तयार झालेल्या पदार्थातला फरक दात्यामुळे पडतो.

वापरलेलं जेल बेसिनमध्ये टाकू नका. रोडामिन ६जी विषारी आहे आणि अगदी थोड्या प्रमाणातही पाणी रंगवतं. जेल झाकणाच्या डब्यात गोळा करून डीएमएसओच्या सेंद्रिय कचऱ्याबरोबर द्या. काचपट्ट्या आधी इथेनॉलने पुसा, मग धुवा. पुढच्या वापरापूर्वी रिकाम्या काचेचा ५३० नॅनोमीटरच्या उद्दीपनावर वर्णपट घेऊन चिकटलेलं रोडामिन उरलं नाही ना, ते बघा.